चाचणीत खंड नव्हता

“काका, बटण दाबा की हो! मीठ मागितलं तरी ऐकू जात नाहीये इथं,” डबा उघडता उघडता डुलकी ओरडला.

मी खुर्चीतूनच हात लांब केला आणि भिंतीवरचं लाल बटण दाबलं. टेबलावर मांडलेल्या चोवीस हार्ड डिस्कची टकटक एकेक करत थांबली. आतल्या चकत्या फिरत राहिल्या, त्यांची घूं घूं चालू राहिली, पण तेवढ्या आवाजात माणसांना बोलता येतं. साडेबारा वाजले होते. आमच्या कंपनीत चाचणीची खोली सगळ्यात थंड, म्हणून जेवणाचं टेबलही आम्ही तिथंच ओढून आणलं होतं, आणि सहा वर्षं रोज साडेबाराला ते बटण मीच दाबत होतो. हे वाक्य नीट वाचून ठेवा. एका ठिकाणी मला ते बोलायचं होतं, आणि तिथं मी बोललो नाही.

“अकरा नंबरची थांबताना अडखळते,” बाई म्हणाल्या. त्यांची पाठ डिस्ककडे होती.

“बाई, तुम्ही जेवा हो. तुम्हाला आता भाजीतसुद्धा बेअरिंग ऐकू येईल.”

“तुझ्या घोरण्यात रोज येतं. ते आधी बदलून घे.”

डुलकी तारा जोडायचं काम करायचा. जेवण झालं की तो बसल्या जागी बरोबर बारा मिनिटं झोपायचा, म्हणून डुलकी. बाई चाचणी घ्यायच्या. नवऱ्यामागे एकटीने घर ओढलेली बाई, केसांत पांढरं फार, आणि कान असा की साहेबांनी बाहेरून आणलेलं महागाचं यंत्र जे तासाभराने सांगायचं ते बाई लांब पेचकस डिस्कला टेकवून, त्याची मूठ कानाला लावून दोन मिनिटांत सांगायच्या. मी वेळापत्रकं लिहायचो. माणसांची नाही, चिपची.

हार्ड डिस्क ज्यांनी कधी उघडून पाहिली नसेल त्यांना एवढंच सांगतो. आत आरशासारख्या चकत्या फिरतात, आणि त्यांच्यावर एक हात पुढेमागे होत लिहितो, वाचतो. आमच्या नव्या डिस्कमध्ये असे दोन हात होते, म्हणजे दुप्पट काम. प्रत्येक हाताला जागेवर धरून ठेवायला एक चिप लागते. दोन हात, दोन चिप. हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण साहेबांना मात्र प्रश्न पडला.

“काका, दोन हातांना एकच चिप पुरणार नाही का? आळीपाळीने?”

साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. काम असलं की मी काका, नसलं की ‘अहो’. ‘स्वस्त’ हा शब्द ते तोंडातून काढत नाहीत, ‘सुटसुटीत’ म्हणतात. प्रत्येक डिस्कमधली एक चिप कमी झाली की डिस्क सुटसुटीत होणार होती. मी शिकलेला इंजिनिअर नाही. दुरुस्तीच्या बाकावरून वर आलो, दुसऱ्यांनी टाकून दिलेली माहितीपत्रकं वाचून शिकलो. आणि खोलीत पाच पदवीवाले बसलेले असताना साहेबांनी मला काका म्हणून विचारलं. कुणाला विकत घ्यायला पैसे लागतात. मी त्या एका शब्दात गेलो.

मी बसवलं ते वेळापत्रक. अजूनही सांगतो, काम देखणं होतं. एका सेकंदात हजारो वेळा ती एकुलती एक चिप डाव्या हाताकडे जाते, उजव्याकडे येते, आणि दोघांनाही कळत नाही की आपली चिप वाटून घेतलेली आहे. पण चिपला तिसरंही एक काम होतं. लिहिताना हात जरासा हलला, कुणी दार आपटलं, खाली ट्रक गेला, तर डिस्क ती जागा आपल्या यादीत टिपून ठेवते. सवडीने तिथं परत जाऊन वाचायचं आणि बिघडलं असेल तर नीट लिहायचं. याला आम्ही फेरवाचन म्हणायचो. या फेरवाचनाचा नंबर मी सगळ्यात शेवटी लावला. दोन्ही हात रिकामे असतील तेव्हाच. जगात कुठली डिस्क कायम कामात असते? घटकाभर उसंत सगळ्यांनाच मिळते, असं मी साहेबांना म्हणालो, आणि साहेब म्हणाले, “वा काका!” यादीत पाचशे बारा जागा ठेवल्या. भरली तर सगळ्यात जुनी नोंद गळून जाणार, गुपचूप. तेही मीच ठरवलं. ‘यादी भरली’ अशी सूचना दाखवायची म्हटली तर आणखी काम वाढलं असतं.

तर त्या दिवशी, जेवता जेवता, बाई म्हणाल्या, “दादा, एक विचारू का?”

“विचारा की.”

“ती फेरवाचनाची यादी आहे ना पडद्यावर. सकाळी साडेआठला शून्य असते. साडेबाराला चारशेच्या वर जाते. मग आपण जेवून उठतो तोवर परत शून्य. रोज तसंच. संध्याकाळीही तेच, आपण बंद करून गेलो की सकाळी शून्य.”

“मग चांगलंच आहे. रिकामी होते म्हणजे काम होतंय.”

“हो, पण आपण जेवायला बसलोच नाही तर?”

“तर उपाशी मरू, बाई,” मी म्हणालो.

डुलकीला ठसका लागला. पाणी आणायला बाईच उठल्या. पुढचे पंधरा दिवस तो विनोद त्या खोलीत फिरत होता. कुणी काही विचारलं की डुलकी म्हणायचा, “तर उपाशी मरू, बाई!” बाईही हसायच्या. एकदाच म्हणाल्या, “तसं नाही हो,” आणि मग सोडून दिलं. त्यांना वाटलं असणार, दादांनी विचार केलेला असणार. मी केला नव्हता. बाईमाणसाने जेवताना काढलेला प्रश्न, त्याचा काय विचार करायचा? असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालोही नाही. म्हणावं लागत नाही, ते अंगातच असतं.

चाचणीच्या कागदावर ‘सलग बहात्तर तास’ असं छापलेलं होतं. संध्याकाळी सव्वापाचला इमारतीचं गार हवेचं यंत्र बंद व्हायचं, त्यामुळे रात्री डिस्क नुसत्या फिरत ठेवायच्या, त्यांना काम देणं शक्यच नव्हतं. मग आम्ही रोजचे आठ तास धरून नऊ दिवस मोजायचो. शेवटच्या दिवशी बाई पेन घेऊन थांबल्या.

“दादा, इथं विचारलंय, चाचणीत खंड होता की नव्हता. काय लिहू?”

“नव्हता.”

“आपण जेवायला थांबायचो ना?”

“अहो बाई, जेवण म्हणजे खंड नव्हे. वीज गेली, टेबल कोसळलं, तर खंड. आणि संध्याकाळचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. लिहा, नव्हता.”

“तुम्ही म्हणताय ना, मग झालं.”

आणि त्यांनी सही केली. बाईंची सही मोठी, गोल, शाळेत गिरवल्यासारखी. वरचा मजकूर त्या कधी वाचायच्या नाहीत. मी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय, असं त्यांचं साधं गणित होतं.

सात महिन्यांनी पत्र आलं.

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षातून आलं होतं. तिथं आलेला प्रत्येक फोन आमच्या डिस्कवर नोंदला जायचा, चोवीस तास, दोन्ही हातांनी. एक म्हातारी घरात एकटी होती, तिने दुपारी मदतीसाठी फोन केला, गाडी पोचलीच नाही, शेजाऱ्यांनी तासाभराने दार फोडलं. फोन घेणारा म्हणत होता, त्या आजींनी पत्ता सांगितलाच नाही. तिचा मुलगा म्हणत होता, पत्ता मी मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलेला होता, ती सांगितल्याशिवाय राहणारच नाही. मग ध्वनिमुद्रण काढलं, तर नेमकं तिथं काही नाही. त्यांनी बाकीच्या डिस्क तपासल्या. अकरा डिस्कमध्ये अशी भोकं सापडली.

पत्राबरोबर त्या फोनची प्रत होती आणि मुलाने लिहिलेल्या अर्जाची नक्कलही. अर्ज एवढासाच. माझ्या आईने पत्ता सांगितला होता की नाही, एवढंच मला कळवा. खाली त्याचं नाव, फोन नंबर.

साहेब म्हणाले, “बाईंना ऐकवा, त्यांना काही कळतंय का बघा.”

बाईंनी कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले. मी दुसऱ्या हेडफोनने ऐकत होतो. म्हातारीचा आवाज बारीक होता पण घाबरलेला नव्हता. “हॅलो... हो, मी एकटीच आहे हो घरात. छातीत दुखतंय. लिहून घेता का?” आणि मग काही नाही. नऊ सेकंद. मग, “...या हं लवकर. दाराला कडी नाही लावत मी, नुसतं ओढून घेते.” पण दार ओढल्यावर आपोआप कुलूप लागणारं होतं, ते तिच्या लक्षात आलं नसावं. म्हणून तर फोडावं लागलं.

बाईंनी ते तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“ही शांतता माणसाची नाही, दादा.”

“म्हणजे?”

“माणूस गप्प बसला तरी मागं काहीतरी असतं. श्वास असतो, पंखा असतो. आधी ऐका, तिच्या घरात घड्याळ आहे, टिकटिक येतेय. मधे ती पण नाही. ती बोलतच होती तिथं. आपल्याकडं लिहिलं गेलं नाही.”

मी माझ्या टेबलाशी गेलो आणि कागद पुढे घेतला. खरं तर कागदाची गरज नव्हती. चार तासांत चारशे, पाच तासांत पाचशे. सहाव्या तासाला यादी सांडते. नियंत्रण कक्षात कुणी साडेबाराला लाल बटण दाबत नाही, तिथं माणसं दुपारीही मरतात. दोन्ही हात कायम लिहीत होते आणि फेरवाचनाचा नंबर लागतच नव्हता, एकदाही नाही, सात महिने. आमच्या खोलीत मात्र ते रोज व्हायचं, कारण तीन माणसांना जेवताना गप्पा मारायच्या होत्या. डिस्क चांगली आहे हे सिद्ध केलं होतं आमच्या चाळीस मिनिटांच्या जेवणाने.

सावली पडली म्हणून वर पाहिलं. बाई उभ्या होत्या.

“यादीच ना?”

“हं.”

“मी विचारलं होतं.”

“हं.”

“साहेबांना सांगाल ना?”

“बघतो,” मी म्हणालो.

आपल्या भाषेत ‘बघतो’ म्हणणाऱ्या माणसाने कधी काही बघितलेलं मी पाहिलेलं नाही. बाईंनाही ते माहीत असणार. त्या “बरं” म्हणाल्या आणि गेल्या.

घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने.

“तुमची किती वर्षं राहिली?”

“तीन.”

“आणि तिच्या घरात मिळवतं कोण?”

“तीच. सासू आहे अंथरुणाला खिळलेली.”

तिने हातातल्या शर्टाची घडी मोडली, परत घातली. “मग ठरवा तुम्हीच. मला विचारून माझ्या डोक्यावर ठेवू नका.”

मला तिच्याकडून एकतर ‘सांगून टाका’ असं हवं होतं, नाहीतर ‘गप्प बसा’. कोणतंही चाललं असतं. पुढे काहीही झालं तरी मला म्हणता आलं असतं की बायको म्हणाली होती. तिने ते दिलं नाही. एकतीस वर्षं संसार केलाय, ओळखते ती मला.

दोन दिवसांनी साहेबांनी दार लावून घेतलं.

“काका, बसा. चहा?”

“नको.”

“मुख्य कचेरीतून चौकशीला माणूस येतोय. सरळ बोलतो. वेळापत्रक चुकलं असं ठरलं तर आजवर विकलेली प्रत्येक डिस्क परत बोलवावी लागेल. प्रत्येक. चाचणी नीट झाली नाही असं ठरलं तर ती एक खेप परत. बाकी आपण गुपचूप सुधारून घेऊ. लक्षात येतंय ना?”

“चाचणीच्या कागदावर बाईंची सही आहे.”

“हो ना,” साहेब म्हणाले, जणू ही गोष्ट मीच शोधून काढली होती. “त्यांचं बघू आपण काहीतरी. माणुसकी आहेच. तुमच्या कामावर मात्र माझा विश्वास आहे, काका.”

मी उठून यायला हवं होतं. मी म्हणालो, “थोडा चहा चालेल.”

मला साहेबांचा राग आहे. त्यांच्या सुटसुटीतपणाचा, त्या बंद दाराचा, सगळ्याचा राग आहे, आणि तो खोटा नाही. पण रागाची मला एक सोय होती. साहेब नीच आहेत असं मनात म्हणत राहिलं की आपण जरा वर उभे आहोत असं वाटतं. त्यांचाच चहा पीत मी हे करत होतो.

चौकशीला आलेला गृहस्थ सभ्य होता. आवाज न चढवता बोलायचा. समोर बाई, बाजूला मी, साहेब खिडकीपाशी. डुलकीला बोलावलं नव्हतं.

“या कागदावर तुमची सही आहे?”

“हो.”

“खंड नव्हता असं लिहिलंय. खरोखर नव्हता?”

“जेवायला थांबायचो,” बाई म्हणाल्या. “साडेबारा ते एक दहा. आणि संध्याकाळी सव्वापाचला बंद.”

“मग ‘नव्हता’ का लिहिलंत?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. पाणी पाहिजे असलं की टेबलावर बघायच्या तसं नुसतं पाहिलं. त्यांची खात्री होती. ती खात्री मला अजून दिसते, आणि तिथंच मला मारून टाकावंसं वाटतं, स्वतःलाच.

तो गृहस्थ माझ्याकडे वळला. “तुम्ही त्याच खोलीत जेवता ना? चाचणी कोण थांबवायचं?”

सहा वर्षं, रोज साडेबारा. त्या बटणाच्या मधोमध थोडा खळगा पडलाय. तो माझ्या आंगठ्याने पडलाय.

“मला नक्की आठवत नाही,” मी म्हणालो.

आणि ते म्हणताना मी कपाळाला आठ्याही घातल्या. आठवायचा प्रयत्न करतोय अशा. हे कुणी सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनाने केलं.

साहेबांनी खिडकीची पट्टी उगाच सरळ केली. बाईंनी नजर माझ्यावरून काढून कागदावर ठेवली. बहुतेक पहिल्यांदाच तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, “सही माझीच आहे.”

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही. सही माझीच आहे.”

शुक्रवारी त्या गेल्या. खुर्चीवरची उशी, लांब पेचकस आणि डबा, एवढंच सामान. डुलकी त्यांना फाटकापर्यंत सोडून आला. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“काका, मला बोलावलं असतं ना, तर मी सांगितलं असतं.”

“काय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काही नाही,” आणि गेला. त्या दिवसापासून तो मला काका म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. काम असलं तर खाकरतो.

वेळापत्रक मी दुपारभरात सुधारलं. एका ओळीचं काम होतं. दोन्ही हात कितीही कामात असले तरी ठरावीक वेळाने चिप थोडी थोडी फेरवाचनाला द्यायची. डिस्क किंचित हळू झाली, इतकी किंचित की कुणाच्या लक्षातही येणार नाही. हे आधीही करता आलं असतं, बाईंनी विचारलं त्याच दिवशी, जेवण संपायच्या आत. विकलेल्या डिस्कसाठी तीच ओळ ‘वेग व स्थैर्यात सुधारणा’ अशा नावाने पाठवून दिली. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. त्या म्हातारीच्या मुलाला कंपनीने उत्तर पाठवलं. चाचणीतील निष्काळजीपणामुळे सदर भाग उपलब्ध नाही, संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. आईने पत्ता सांगितला का, याबद्दल त्यात अक्षर नाही. ती शांतता तिची नव्हती, आमची होती, एवढं तरी त्याला सांगता आलं असतं. त्याचा नंबर माझ्या खणात होता. मी खण उघडायचो, बंद करायचो.

नवा नियम आला. चाचणी जेवणासाठी थांबवायची नाही. बटणावर प्लॅस्टिकचं झाकण आलं, त्याला स्क्रू. चारचौघांनी एकदम उठायचं नाही, एकेकाने जेवून यायचं. कोण कधी, याचा तक्ता करायचा होता.

“काका, तुम्हीच करा. तुमचा हात बसलाय वेळापत्रकावर,” साहेब म्हणाले. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी तक्ता केला. डुलकी बारा वाजता, नवीन आलेली चाचणीवाली बारा पंचवीसला, मी बारा पन्नासला. चोवीस डिस्कच्या टकटकीत एकटा बसून जेवतो. मीठ मागायला समोर कुणी नसतं.

एक दिवस भांडी धुवायच्या जागी, पाइपच्या मागे, डब्याचं झाकण सापडलं. त्यावर दाभणाने टोचून फूल काढलेलं. बाईंचं. शुक्रवारच्या गडबडीत राहिलं असणार. ते पिशवीत घालून मी आठवडाभर घरी नेलं, परत आणलं. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्यांच्या घरून कळलं की त्या पंखे आणि मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात बसतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत, अरुंद, पायरी मोडलेली. आत जमिनीवर पंख्यांची पाती उभी करून ठेवलेली. बाई स्टुलावर, तीच उशी. समोर एक पाण्याची मोटार उघडून ठेवलेली.

“अरे, दादा! या. ते पातं जरा सरकवा आणि बसा. घरी सगळे बरे?”

“बरे.”

“डुलकी झोपतो का अजून?”

“नाही. आता एकेकटे जेवतो आम्ही.”

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “यादी रिकामी होते का आता?”

“होते.”

“बरं झालं.”

मी झाकण काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खालून डबा काढला. त्यावर बशी उपडी घालून फडक्याने बांधलेलं होतं. फडकं सोडलं, बशी काढली, झाकण दाबलं. टक् करून बसलं. “बघा, मी म्हणतेय घरात कुठं गेलं.”

“बाई,” मी म्हणालो. वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. “त्या दिवशी मी...”

“त्या मुलाला मी फोन केला,” बाई म्हणाल्या. “नंबर घेतला होता लिहून, अर्जावरून. म्हटलं, तुमची आई गप्प नव्हती. तिथं जे ऐकू येत नाही ती यंत्राची चूक आहे. ती बोलत होती. काय बोलली ते मला माहीत नाही, पण बोलत होती.”

“मग?”

“मग काय. रडला बिचारा. थँक्यू म्हणाला.” त्यांनी पेचकस उचलला. “तुमचं नाव नाही घेतलं.”

गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. ती जाईपर्यंत मी थांबलो. मग परत तोंड उघडलं. “बाई, ते बटण...”

“दादा, जरा गप्प राहता का? गिऱ्हाईक येईल आता हिला न्यायला.”

रागाने नाही म्हणाल्या. काम होतं. त्यांनी मोटार चालू केली, पेचकसाचं टोक तिला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी गप्प राहिलो. ते मला चांगलं जमतं.

मोटार बंद करून त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. गिऱ्हाईकाला द्यायची चिठ्ठी, मोटार तपासली, ठीक आहे, अशी. स्वतःच लिहिलेल्या त्या चार ओळी. सही करायच्या जागेवर पेन टेकवलं आणि उचललं. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. एकेका शब्दाखाली बोट धरत वरपासून खालपर्यंत वाचली. मग परत एकदा, वरपासून.

आणि मगच सही केली.